उजवा मोजा

मेनरोडला, सुराणांच्या काउंटरवर
नऊ जोड पडलेत हातमोज्यांचे,
काही उताणे, काही पालथे.
मी म्हटलं, पाणी आत जाणार नाही असा द्या.
सुराणा म्हणाले, पाणी अडवायचंय की थंडी?
दोन वेगळी कामं आहेत, भाऊ.

थंडी मला कुणी सांगू नये.
पिंपळगावच्या पॅकहाउसात सोळा हंगाम
शून्य अंशावर द्राक्षांच्या पेट्या रचतोय.
बोटं आधी दुखतात,
मग दुखायची थांबतात,
आणि थांबली की घाबरायचं असतं.
एकदा पेटीखाली नख चिरडलं,
ते मला कळलं घरी आल्यावर,
चहाची बशी लाल झाली तेव्हा.

पण माझी थंडी कोरडी.
ईश्वरीची ओली.
डिसेंबरात, उजाडता उजाडता,
गंगापूर धरणाच्या फुगवट्यात ती कयाक लोटते.
वल्ह्याच्या दांड्यावरून पाणी ओघळतं
मनगटावर, मनगटावरून बाहीत,
बाहीतून थेट कोपरापर्यंत.
काठाला आली की तिला
जॅकेटची चेन उघडता येत नाही.
मी उघडतो.
सतरा वर्षांची आहे ती.
तेवढा वेळ इकडेतिकडे बघत राहते,
कुणी पाहत तर नाही ना.

म्हणून हे नऊ जोड.

लोकरीचं अस्तर असलेला घालून पाहिला.
छान ऊब. पण एकदा भिजला
की दुसऱ्या पहाटेपर्यंत वाळायचा नाही,
आमच्या गॅलरीला ऊन येतं ते दुपारी तीनला.
बर्फावर घसरायचा एक होता,
तो सुराणांनी स्वतःच हसून मागे ठेवला.
रबरी एकाची मला शंका आली.
म्हटलं, तांब्याभर पाणी मिळेल?
मोज्यात ओतलं, तोंड आवळलं, पिळलं.
अंगठ्याच्या बेचक्यातून एक थेंब आला.
तिथूनच येणार.
आमच्या हातांना भेगाही तिथंच पडतात.

दुसऱ्यातून थेंब आला नाही.
खूश होऊन मी तो उलटा केला, तर आतलं पाणी
आतच बसून राहिलं, बोटाबोटांत.
जो येऊ देत नाही
तो जाऊही देत नाही.
वर मनगटाशी सैल, म्हणजे पहिल्याच लाटेला
भरून घेणार आणि बादली होणार.

मग सुराणांनी खालच्या खणातून
काळा, स्पंजासारखा एक काढला. न्योप्रीन.
हा पाणी अडवतच नाही, म्हणाले.
थोडं आत घेतो,
आणि अंगाच्या उबेनं तेच तापवून ठेवतो.
मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

तीन मिलिमीटरचा जाड, दोनचा पातळ.
जाड घालून मी काउंटरची कड धरली,
मूठ आवळायलाच निम्मी ताकद गेली.
दोनचा घेतला. अठराशे.
साडेसतराशेला दिला,
आणि तांब्यातलं उरलेलं पाणी
दारातल्या तुळशीला घातलं.

शनिवारी तिनं दोन्ही चढवले.
एक फेरी मारून काठाशी आली,
दातानं उजवा ओढून काढला
आणि माझ्याकडे फेकला.
पप्पा, या हातात वल्हं कळत नाही.
मोगल सर मागून म्हणाले, बरोबर आहे तिचं,
वल्हं वळवतो तो उजवा. डावा नुसता धरतो.

गेली. एक हात काळा, एक उघडा, लालबुंद.

मी काठावर तो मोजा हातात घेऊन उभा.
घालायला गेलो,
माझी बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच शिरली.
आत तिचं पाणी होतं.
कोमट.
सुराणा खरं बोलले होते.

परत आली तेव्हा तिनं डावा काढला,
दोनदा फुंकर मारली,
आणि त्याच हातानं चेन उघडली.
जरा अडकली मध्ये. मग उघडली.

मी तेवढा वेळ
इकडेतिकडे बघत होतो.